‘खूप पाऊस पडला’ म्हणजे किती?

नेकनूर हे बीड तालुक्यातले, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले गाव. समजा, तिथल्या वर्गात ‘पहिला पाऊस’ या विषयावर मुलांना लिहायला सांगितले. बहुतेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडेल : ‘खूप पाऊस पडला.’ वाक्य चूक नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

खरे तर याच मुलांच्या घरी पावसासाठी नेमके शब्द असतात. वळीव दुपारनंतर वारा-विजांसह येतो आणि थोड्या वेळात ओसरतो. सर येते नि थांबते. भुरभुरीचे थेंब इतके बारीक की अंगणात पागोळी लागत नाही. झड दोन-दोन दिवस उघडत नाही. प्रत्येक शब्दात थेंबाचा आकार, पावसाचा वेग आणि कालावधी यांचे निरीक्षण साठवलेले आहे.

विज्ञानही हेच करते. हवामानशास्त्रात अर्ध्या मिलिमीटरहून लहान थेंबांच्या पावसाला वेगळे नाव आहे. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत ‘जोरदार पाऊस’ म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी. तिथे ‘खूप’ला जागा नाही.

कोरडवाहू शेतीत हा फरक महागात पडतो. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा सल्ला दिला जातो. भुरभुरीलाच ‘खूप पाऊस’ समजून पेरले, तर दुबार पेरणीची वेळ येते.

मग नेमके लिहायचे म्हणजे विशेषणांची रास घालायची का? नाही. ‘भयंकर तुफान मुसळधार’ असे लिहून चित्र स्पष्ट होत नाही. पुष्कळदा क्रियापदच काम करते : पाऊस शिंपडून गेला, कोसळला, लागून राहिला, हुलकावणी देऊन गेला. शब्द सुचेना, तर परिणाम लिहावा : ‘वरची माती भिजली, पण बोटभर खाली कोरडीच होती.’

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पाऊस थांबल्यावर मुलांना ‘खूप’, ‘छान’, ‘भरपूर’ हे शब्द न वापरता पाच वाक्ये लिहायला सांगा. मग वह्या अदलाबदल करा. वाचणाऱ्याने एवढेच सांगायचे : या पावसावर पेरणी करावी की थांबावी? उत्तर देता आले नाही, तर लिहिणाऱ्याला पुन्हा शेतात पाठवा. शब्द तिथेच सापडेल.