ड्रोन घेताना कॅमेऱ्याआधी काय पाहावे?

शाळेसाठी स्वस्तातला कॅमेरा-ड्रोन घ्यायचा ठरला की बहुतेकजण खोक्यावरचा एकच आकडा वाचतात : कॅमेरा किती पिक्सेलचा? ‘फोर-के’ असे छापलेले असले की दोन-चार हजारांचे खेळणेही मोहात पाडते. हा आकडा खरा असेलही (नेहमी असतोच असे नाही!), पण तो सर्वांत शेवटी पाहावा. का, ते एका साध्या गणिताने पाहू.

समजा, ड्रोन ३० मीटर उंचीवरून शाळेच्या मैदानाचे चित्र घेतो आहे. भिंगाला ७० अंशांचा आडवा कोन दिसत असेल, तर चित्रात सुमारे ४२ मीटर रुंदीची जमीन मावते. ‘फोर-के’ चित्रात या रुंदीसाठी ३८४० पिक्सेल असतात. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण १.१ सेंटिमीटर जमीन येते. मैदानात पडलेले लिंबूसुद्धा चारेक पिक्सेलांचे दिसायला हवे. आता वारा सुटला आणि कॅमेरा सेकंदाला फक्त १० अंश या वेगाने कलू लागला. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो ०.१ अंश वळेल. ३० मीटर अंतरावर ०.१ अंश म्हणजे जमिनीवर पाच सेंटिमीटर! लिंबू फासले गेले. याहून निम्मे पिक्सेल असलेला, पण स्थिर कॅमेरा अधिक स्पष्ट चित्र देईल. दहावीच्या त्रिकोणमितीच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे.

हे डुलणे थोपवण्याचे काम गिंबल करतो. जायरोस्कोपने कलण्याचा वेग मोजायचा आणि छोट्या मोटारींनी कॅमेरा तितकाच उलट फिरवायचा, एवढेच त्याचे तत्त्व. स्वस्त ड्रोनमध्ये त्याऐवजी ‘इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण’ असते. त्यात चित्राच्या कडा कापून हलणाऱ्या चौकटी जुळवल्या जातात; एका चौकटीत आधीच फासलेले चित्र त्याने सुधारत नाही. निदान दोन अक्षांचा गिंबल असावा.

ड्रोन स्वतः जागेवर कसा थांबतो, हेही विचारावे. उंचीसाठी त्यात वायुदाबमापक असतो. जमिनीलगत दर मीटरला दाब सुमारे १२ पास्कलने घटतो, त्यामुळे एका पास्कलचा फरक कळला तरी आठ सेंटिमीटर उंची कळते. बाजूला सरकणे खाली पाहणारा लहान कॅमेरा टिपतो. पाण्यावर किंवा अंधुक उजेडात मात्र तो फसतो. मोकळ्यावर जीपीएस हवेच. ते नसलेला ड्रोन वाऱ्याबरोबर जातो, आणि शाळेचे पैसेही.

मोठी बॅटरी घ्यावी का? तरंगत राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. वजन ३० टक्के वाढले की शक्ती जवळजवळ ५० टक्के जास्त लागते. त्यापेक्षा दोन सुट्या बॅटऱ्या बऱ्या.

भारतातील २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार बॅटरीसह २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवणाऱ्याला परवाना लागत नाही. तरीही डिजिटल स्काय नकाशावर आपला परिसर हिरव्या रंगात आहे ना, ते पाहावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर काही अपवाद वगळता बंदी आली. तेव्हा सुटी पाती आणि दुरुस्ती इथे मिळेल का, याची चौकशी आधीच करावी.

खेळण्यातल्या ड्रोनला मी नावे ठेवत नाही. पात्यांभोवती जाळी असलेला एखादा घेऊन बंद सभागृहात आठवडाभर हात बसवावा. मुलांची बोटे सुरक्षित राहतात, आणि पडला तरी फार नुकसान होत नाही.