तिकिटं कोणाकडे आहेत?

भुसावळचा मे महिना. हॉलमधले पंखे गरम वाराच फिरवतायत. खाकीतली तीसेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलीयत. काहीजण रात्रपाळी उरकून थेट आलेत. दाराशी पाण्याच्या जारपुढे रांग आहे.

मधल्या मोकळ्या जागेत चार खुर्च्या मांडल्यात. हा रेल्वेचा डबा. एक महिला शिपाई सोळा वर्षांची मुलगी झाली आहे. शेजारी साध्या कपड्यांतला फौजदार, तिचा ‘मामा’.

वयस्क हवालदार पुढे येतात. “कुठं चालली गं?” आवाज ठाण्यातलाच. मुलगी मामाकडे बघते. “मावशीकडं. कल्याणला.” “मावशीचं नाव काय?” नाव मामा सांगतो. हवालदार वळतात.

“थांबा. नाव कुणी सांगितलं?” प्रशिक्षक मॅडम विचारतात.

पुन्हा पहिल्यापासून. मामाला दुसरा अंमलदार दाराकडे घेऊन जातो. एक महिला अंमलदार मुलीशेजारी बसते, पाण्याची बाटली पुढे करते. जेवलीस का? घरी कोण कोण असतं? मग हळूच, तिकिटं कोणाकडे आहेत? आधार कार्ड? फोन? तिन्ही मामाकडे. मामाचं गाव मात्र तिला ठाऊक नाही. नखानं ती बाटलीचा कागद सोलत राहते. आता कुणी जांभई देत नाही.

मी भिंतीलगत मागे सरकतो. मागच्या रांगेत वह्या उघडल्यात. भारतीय न्याय संहिता, कलम १४३, मानवी तस्करी. पीडितेची संमती होती, या सबबीला अर्थ नाही. पीडित बालक असेल तर शिक्षा किमान दहा वर्षं. तस्करीत पोलीसच सामील असेल तर मरेपर्यंत जन्मठेप. ही ओळ लिहून घेताना कुणी मान वर करत नाही.

मॅडम फळ्यावर ५९ लिहितात. हॉलमध्ये चुळबुळ होते. आकडा इथल्यांच्या ओळखीचा आहे. मे २०२३, बिहारहून आलेली गाडी. मदरशात शिकायला निघालेली ५९ मुलं तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. मुलं बालगृहात, सोबतचे पाच शिक्षक चार आठवडे तुरुंगात. तस्करी नव्हतीच, २०२४ मध्ये प्रकरणं बंद झाली. त्या पाच जणांचे चार आठवडे कोण भरून देणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

“बिहारचं पोर मराठीत काय सांगणार? त्याची भाषा येणारा माणूस शोधा. आईबापांना फोन लावा. संशय आला म्हणजे गुन्हा ठरला नाही.”

हवालदार हात वर करतात. “मॅडम, गाडी थांबते पाच-दहा मिनिटं. एवढं विचारायचं कधी?”

“गाडीत चढा. जळगावपर्यंत बसून बोला. गुन्हा निघालाच तर जळगावलाही नोंदवता येतो. मूल असेल तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं.”

“आणि रात्री ड्युटीवर महिला अंमलदार नसली तर?”

मॅडम लगेच उत्तर देत नाहीत. पुढच्या रांगेतली एक शिपाई उठते, फळ्याच्या कोपऱ्यात आपला मोबाईल नंबर लिहिते. तिच्यामागून दुसरी उठते.

“लिहून घ्या,” मॅडम म्हणतात. “चला, पुढची जोडी.”