दुकानाचं स्टेटस एआयकडून लिहून घेताना: आधी माल सांगा

"सर, आमचं गावातलं छोटं दुकान, आम्हाला एआय कशाला?" हा प्रश्न सारखा येतो. मला विचाराल तर, रोजच्या स्टेटससाठी. रात्री शटर ओढल्यावर चार ओळी लिहायच्या म्हटलं की जिवावर येतं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, जेमिनी त्यानंतर. दोन्हींना मराठी कळतं, आणि सुरुवात फुकटात होते.

पण आधी माझी फजिती ऐका. लग्नसराईत दुकानात सेमी पैठण्या आणल्या होत्या, १,४५० रुपयांच्या, यंत्रमागावरच्या. मी घाईत एवढंच टाकलं: "पैठणीची जाहिरात लिहून दे." त्यानं लिहिलं, "येवल्याच्या विणकरांनी हातमागावर विणलेली अस्सल रेशमी पैठणी." वाचायला लय भारी! तसंच स्टेटसला टाकलं. दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या एक मावशी आल्या. त्यांनी पदर उलटा केला, मागचे सुटे धागे बोटानं दाखवले आणि म्हणाल्या, "बाळा, ही हातमागाची का?" हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं की! चकलांब्यासारख्या गावात असली गोष्ट बाजाराच्या दिवसापर्यंत सगळीकडं होते.

चूक मशीनची नव्हती. 'पैठणी' म्हटल्यावर जे नेहमी लिहिलं जातं, ते त्यानं जुळवून दिलं. आपल्या गाठोड्यात काय आहे, ते त्याला कुठून कळणार? आणि हे नुसतं अब्रूवर थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथं "एआयनं लिहिलं" म्हणून भागत नाही.

आता मी टायपिंग करत नाही, माईक दाबून बोलतो: "सेमी पैठणी, यंत्रमागाची, रेशीम नाही. रंग मोरपंखी आणि राणी. किंमत १,४५०. गिऱ्हाईक आमच्या गावातल्या बायका. चार ओळी लिही, बोलीभाषेत. मी सांगितलं नाही ते स्वतःहून घालू नको." ही शेवटची ओळ विसरू नका. तरी कधी कधी घालतोच, म्हणून आलेलं एकदा मोठ्यानं वाचा. जे गिऱ्हाईकाच्या तोंडावर बोलायला जड जाईल, ते खोडा. 'मनमोहक', 'अविस्मरणीय' असले शब्दही काढा, आपल्याकडं असं कोण बोलतं?

फोटो मात्र आपल्याच साडीचा, दारातल्या उजेडात काढलेला. एआयनं बनवलेल्या चित्रातला काठ आपल्या मालावर नसतो. पोस्टरवरची मराठी अक्षरंही स्वतः टाका, जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात.

दुसरं स्टेटस "हातमागाची नाही, पण धुवायला सोपी आणि खिशाला परवडणारी" असं गेलं. मावशींनी त्यातलीच राणी रंगाची नेली, सुनेसाठी.