मोहर सॉल्ट : वजनावर ठेवलेला विश्वास

बारावी सायन्सला ब्युरेट हाताळलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते. फिकट हिरवे, पारदर्शक स्फटिक आणि बाटलीवर लेबल : फेरस अमोनियम सल्फेट. प्रयोगशाळेत सगळे त्याला मोहर सॉल्टच म्हणतात. टायट्रेशनची पद्धत रुळवणारे आणि 1855 साली त्यावर पाठ्यपुस्तक लिहिणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रिडरिश मोहर यांचे हे नाव.

लोखंडाचा क्षारच हवा, तर स्वस्त हिराकस का चालत नाही? हिराकस उघड्यावर राहिला की त्यातले पाणी उडते, ऑक्सिजन लागतो आणि त्यावर तपकिरी थर चढतो. मग तोललेल्या एका ग्रॅममध्ये नेमके लोखंड किती, हे सांगता येत नाही. त्याच हिराकसाला अमोनियम सल्फेटची जोड मिळाली की घन स्थितीत तो हवेला फारशी दाद देत नाही. मोहर सॉल्टच्या 392 ग्रॅममध्ये लोखंड सुमारे 56 ग्रॅम असते. म्हणून 9.8 ग्रॅम तोलून 250 मिलिलिटर द्रावण केले की त्याची तीव्रता 0.1 मोलर, असे हिशेबानेच सांगता येते.

त्याची शुद्धता घडते ती स्फटिक होताना. किंचित सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात दोन्ही क्षार विरघळवायचे, गाळायचे, वॉटर बाथवर आटवायचे आणि न हलवता थंड होऊ द्यायचे. घाई केली नाही, तर स्फटिक आपल्या रचनेत बसणारेच कण घेतो आणि बरीचशी अशुद्धी पाण्यात मागे राहते. स्फटिक फिल्टर पेपरने टिपून वाळवायचे, तापवायचे नाहीत. तापवले तर त्यातले पाण्याचे सहा रेणू निघू लागतात आणि वजनाचा हिशेब बिघडतो.

कॉलेजबाहेरही त्याला काम आहे. सांडपाण्याची सीओडी (केमिकल ऑक्सिजन डिमांड) चाचणी करताना नमुना डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लासोबत दोन तास उकळतात आणि उरलेले डायक्रोमेट मोहर सॉल्टने मोजतात. फेरॉइन या दर्शकाचा निळसर हिरवा रंग लालसर तपकिरी झाला की ब्युरेट थांबवायची. द्रावणात मात्र लोखंडाला हवा लागतच राहते, म्हणून तिथे द्रावणाची तीव्रता रोज नव्याने तपासतात.

वर्गातही हीच शिस्त हवी. झाकण सैल राहून पिवळट पडलेल्या बाटलीतला क्षार वापरला, तर परमँगनेटसोबतच्या टायट्रेशनमध्ये टिकणारा गुलाबी रंग अपेक्षेपेक्षा आधीच येतो. मुलांचे उत्तर चुकते. मग मुले शेजारच्याचे रीडिंग पाहून जर्नलमध्ये आकडे जुळवतात. रसायन खराब असले की पहिला धडा मिळतो तो आकडे जुळवण्याचा. चांगले रसायन असेल, तर स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेले रीडिंग खरे ठरते आणि मुलाचा स्वतःच्या मोजमापावर विश्वास बसतो. प्रयोगशाळेच्या खरेदीत काटकसर करताना ही बाटली यादीतून वगळू नये. ती उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी, झाकण घट्ट लावावे आणि क्षार पिवळा पडला की तो वर्गात वापरू नये.