चेटकिणीला हसणारी मुले

मुलांना बोध द्यावा, भीती नको, असे आपण म्हणतो. पण जुलै २०२१ मध्ये महाड पाण्यात बुडाले, तळियेवर दरड कोसळली. वीरच्या आसपासची मुले भीतीला ओळखतात. 'सगळे छान झाले' एवढेच सांगणारे पुस्तक त्यांना खोटे वाटते, हे आम्ही शिक्षक वर्गात पाहतो.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी हे ओळखले होते. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चिंची चेटकीण मुलांना घाबरवते आणि त्याच दमात हसवते. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली. जिची फजिती पाहिली, तिची भीती कमी होते.

पालकहो, रात्री मोबाइल बाजूला ठेवून अशी एक गोष्ट मोठ्याने वाचा. मूल घाबरले तर जवळ घ्या, हसले तर सोबत हसा.