९० सेकंद आणि हुंकार न देणारा मोबाइल

मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे कोणीतरी बसलेलं असणार, अशी माझी जुनी समजूत. डोईफोडियातल्या एका मुलीची मुलाखत तेलाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर होणार आहे, असं कळलं म्हणून मुद्दाम गेलो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तहसिलीतलं हे गाव. या मुलीच्या घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी; नोकरी मात्र पुण्यातली, फोनवर ग्राहकांशी बोलण्याची, इंग्रजी मिसळून.

पंखा बंद केला, मागे कोरी चादर लावली, शेळी परसात बांधली. पडद्यावर प्रश्न उमटतो. विचाराला ३० सेकंद, उत्तराला ९०.

“९० सेकंद म्हणजे काहीच नाही हो काका, नाव-गाव सांगण्यातच जातात,” ती म्हणाली.

दुसरा प्रश्न होता चिडलेल्या ग्राहकाला कसं सांभाळाल, हा. मामाच्या किराणा दुकानात तिनं उधारीवाले सांभाळलेले. तिनं तोच किस्सा धरला. पण प्रत्येक वाक्यानंतर ती थबकायची. समोरच्यानं “हं, मग?” म्हणावं, यासाठी. मोबाइल हुंकार देत नाही. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चढलं आणि ९० सेकंद संपले. पुढचा भाग तिनं मला सांगितला, हातवारे करत, मस्त रंगवून. उधारी वसूल झाली ती चौथ्या मिनिटाला. कंपनीला हे कधीच कळणार नाही.

वडिलांना अशा मुलाखतीत काही वावगं वाटलं नाही. “इंदूरला न्यायचं तर दोघांचं भाडं, वरून माझी मजुरी बुडते.” हे मला खोडून काढता येत नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यात २००४ साली निघालेली हायरव्ह्यू ही अशा व्हिडिओ-मुलाखतींच्या धंद्यातली जुनी कंपनी. सुरुवातीला ती उमेदवारांना टपालानं वेबकॅम पाठवायची. पुढे तिचं सॉफ्टवेअर चेहऱ्यावरचे भावही मोजू लागलं. टीका झाली आणि ते बंद केल्याचं कंपनीनं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या बव्हेरियन रेडिओनं दुसऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासलं. मागे पुस्तकांचं कपाट दिसताच त्याच व्यक्तीचे स्वभावाचे गुण बदलले. इथल्या चादरीला किती गुण पडले असतील, कोण जाणे! मुलाखत यंत्र तपासणार असेल तर उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घ्यावी, असा कायदा इलिनॉय राज्यात २०२० पासून आहे. या मुलीच्या पडद्यावर तिचं बोलणं माणूस ऐकणार की यंत्र, याबद्दल एक ओळही नव्हती.

तिलाही एक विचारायचं होतं: पुण्यात राहायची सोय कंपनी करते का? त्यासाठी कुठे जागाच नव्हती. ‘सबमिट’ दाबलं, आभार आले, संपलं.

भाडं वाचतं, मान्य. पण ज्यात उमेदवाराला एकही प्रश्न विचारता येत नाही, तिला मी मुलाखत म्हणणार नाही. कंपन्यांनी शेवटी उमेदवाराच्या प्रश्नासाठी ९० सेकंद ठेवावेत, आणि त्याचं उत्तर माणसानं फोन करून द्यावं.