रविवारची मेथी गुरुवारपर्यंत: फ्रीजमध्ये पालेभाजी कशी टिकवायची?



आपल्याकडच्या बऱ्याच गावांत भाजीचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. समजा तो रविवारी आहे. त्या दिवशी पिशवीभर मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर घरी येते. रविवार-सोमवार भाजी होते, मंगळवारी जुडी पिवळी पडते आणि बुधवारी शेळीपुढे जाते. तिथून पुढच्या बाजारापर्यंत मग डाळ, बटाटा, पिठलं. आता गटाच्या कर्जातून म्हणा, घरच्या पैशातून म्हणा, पुष्कळ घरांत फ्रीज आलाय. तरी गृहभेटीला गेलं की ताई हेच विचारतात, "फ्रीजमध्ये ठेवली तरी भाजी सडते, मग त्याचा उपयोग काय?"

दहा-वीस रुपयांच्या जुडीसाठी एवढं लिहायचं कशाला, असं वाटेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था रोज साधारण 100 ग्रॅम पालेभाजी खायला सांगते. रोज! आपल्याकडे ती आठवड्यातून दोन दिवस होते, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जी उरेल ती घरच्या बाईच्या वाट्याला. भाजी जास्त दिवस टिकली तर जास्त दिवस ताटात येईल, म्हणून हा लेख.

खुडलेलं पान जिवंत असतं

पान खुडलं म्हणून ते लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं. म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःत साठवलेली साखर जाळत राहतं, आणि त्यातून ऊब तयार होते. खात्री करायची असेल तर बाजारात घट्ट बांधलेल्या जुड्यांच्या ढिगात मधोमध हात घालून बघा, आत गरम लागतं. मुळांकडून पाणी येणं बंद झालेलं असतं, पण पानातून पाणी उडून जाणं मात्र चालूच असतं. पालक, कोथिंबीर यांचा श्वास फार जोरात चालतो. बटाटा आणि कांदा सावकाश श्वास घेतात, म्हणून ते महिना महिना पडवीत राहतात.

गारव्यात हा श्वास मंदावतो. तापमान 10 अंशांनी उतरलं की श्वासाचा वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. बाहेर 35 अंश आणि फ्रीजमध्ये 5 अंश असेल तर किती फरक पडेल ते तुम्हीच काढा. व्याजाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायांना हे अवघड नाही.

मग फ्रीजमध्ये ठेवूनही भाजी का जाते? तर पालेभाजी तीन तऱ्हेने बिघडते आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं, सुकणं. फ्रीजमधली हवा कोरडी असते. उघडी जुडी ठेवली की ती हवा पानातलं पाणी ओढून घेते आणि भाजी मऊ पडते. ज्या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही, आत पंखा असतो, त्यात तर अजून लवकर.

दुसरं, सडणं. पानावर पाणी साचून राहिलं आणि हवा खेळली नाही की जिवाणू आणि बुरशी वाढतात. पान काळं, चिकट होतं, वास मारतो. आता गंमत बघा, सुकू नये म्हणून आपण प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवतो. आत भाजीचा श्वास चालूच असतो, पिशवीला घाम फुटतो, तो पानांवर गळतो आणि भाजी सडते. एका दुखण्यावरचा उपाय दुसऱ्या दुखण्याला निमंत्रण देतो.

तिसरं, पिवळं पडणं. हे पानाचं म्हातारपण. पण ते लवकर आणणारा एक वायू आहे, त्याला इथिलीन म्हणतात. पिकणारी केळी, टोमॅटो, आंबे, पपई, सफरचंद यांतून तो बाहेर पडतो. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचे भराभर पिकतात ना, तो याचाच प्रताप. म्हणून टोमॅटो आणि कोथिंबीर एका ड्रॉवरमध्ये ठेवू नका. टोमॅटो टोपलीत बाहेर राहिले तरी चालतात.

थोडक्यात, पानाला गारवा हवा, आजूबाजूची हवा दमट हवी, पण अंगावर पाणी नको. पुढचं सगळं याच्यासाठीच आहे.

बाजारातून आल्यावर

बाजारात विकणाऱ्या आपल्या ताई जुड्यांवर पाणी मारतात. ते चुकीचं नाही, उलट उघड्यावर तेच बरोबर. पाणी उडताना गारवा देतं आणि पान ताठ राहतं. पण तीच ओली जुडी तशीच पिशवीत कोंबून फ्रीजमध्ये गेली की काम बिघडलं. म्हणून घरी आल्याबरोबर जुडीची दोरी किंवा रबर सोडा. भाजी पंख्याखाली, सुती कापडावर पसरा. वरचं पाणी सुकेपर्यंतच, साधारण अर्धा तास. तासन् तास ठेवलीत तर पानातलंच पाणी जाईल.

तेवढ्यात खराब पानं काढून टाका. पिवळं, चुरगळलेलं, काळं पडलेलं, सगळं. एक सडकं पान शेजारच्या चार पानांना घेऊन जातं. चिखलाची मुळं कापून टाका. पण भाजी चिरून ठेवू नका आणि धुऊनही ठेवू नका. चिरलं की पानाला जखम होते, तिथून पाणी गळतं, जीवनसत्त्व क कमी होतं आणि सडायला वाट मिळते. धुवायचं ते करायच्या आधी, मोठ्या पातेल्यात दोन-तीन पाण्यांतून. पान वर उचलून काढायचं, माती तळाला राहते. चिखलामुळे आधीच धुवावी लागली तर नीट निथळून, पार कोरडी करूनच ठेवा.

मग जुनी सुती साडी किंवा धोतर फाडून केलेलं स्वच्छ, कोरडं फडकं घ्या. त्यात भाजी सैलसर गुंडाळा आणि डब्यात ठेवा, झाकण किंचित उघडं. डबा नसेल तर प्लास्टिकची पिशवी चालेल, पण गाठ न मारता आणि चार-पाच भोकं पाडून. फडकं घाम टिपून घेतं आणि हवा दमटही ठेवतं. दोन दिवसांनी उघडून बघा. फडकं ओलं लागलं तर बदला, बिघडलेलं पान असेल तर काढा. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय बऱ्याच जणींना आहे. पण छपाईची शाई पोटात जाणं बरं नाही आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही खाण्याच्या वस्तू वर्तमानपत्रात बांधू नका असं सांगितलंय. फडकं धुऊन पुन्हा वापरता येतं, पैसेही लागत नाहीत.

दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून, बाजार करून आल्यावर रात्री चार जुड्या निवडत बसायचं, हे सोपं नाही हे मला माहीत आहे. पण भाजी निवडायला फक्त सुनेचेच हात लागतात असं कुठं लिहिलंय? टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात एक जुडी ठेवून बघा.

फ्रीजमध्ये जागा कोणती?

सर्वांत खालचा ड्रॉवर. वर काच असल्यामुळे तिथली हवा जरा दमट राहते, तो भाजीसाठीच केलेला असतो. आपल्याकडे त्यात काय काय सापडतं! बियाण्याची पाकिटं, मेंदीचे कोन, औषधं, उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या. पाण्याला माठ आहे, भाजीला दुसरी जागा नाही. ड्रॉवर गच्च भरू नका. दाबलेलं पान लवकर सडतं, म्हणून जड भाज्या खाली आणि पाला वर.

बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत या दोन जागा पाल्यासाठी वाईट. तिथं पान गोठतं, आणि बाहेर काढलं की उकडल्यासारखं काळपट, पाणचट होतं. बटणावरचा आकडा जेवढा मोठा तेवढा गारठा जास्त. उन्हाळ्यात वाढवायचा, थंडीत कमी करायचा.

लाईट गेली की दार उघडूच नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्यापेक्षा जास्त वेळ लाईट गेली तर त्या दिवशी आधी दूध, शिजवलेलं अन्न आणि पालक यांचा निकाल लावा.

कोणती भाजी कशी

कोथिंबीर मुळांसकट मिळाली तर पेल्यात दोन बोटं पाणी घालून फुलासारखी उभी ठेवा, वरून पिशवी सैल पालथी घाला, दर दोन दिवसांनी पाणी बदला. मुळं कापलेली असतील तर डब्यात खाली-वर फडकं घालून. नीट ठेवली तर आठवडाभर सहज जाते. मेथीची पानं रविवारीच खुडून कोरड्या फडक्यात ठेवली तर आठवड्याच्या मधल्या दिवशी कामावरून आल्यावर भाजी पटकन होते. पण खुडलेली मेथी चार-पाच दिवसांत संपवा, जुडी अख्खी ठेवली तर थोडी अधिक तग धरते. पालक सर्वांत नाजूक, त्याला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबवू नका. शेपूचंही तसंच, आधी वास जातो, मग रंग. अंबाडी जाड पानाची, ती जरा दम धरते. कढीपत्ता काड्यांवरून ओरबाडून, पूर्ण कोरडा करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर दोन-तीन आठवडे राहतो. तुळस फ्रीजमध्ये ठेवू नका, गारठ्याने काळी पडते.

म्हणजे आठवड्याचा क्रम असा लावता येईल: रविवारी-सोमवारी पालक आणि शेपू, मंगळवारी सुट्टी किंवा कडधान्य, बुधवारी-गुरुवारी मेथी, त्यानंतर अंबाडी किंवा दारातल्या शेवग्याचा पाला. शेवगा दारात असेल तर त्याला फ्रीज लागतच नाही, लागेल तसा तोडायचा.

पालक स्वस्त मिळाला आणि जास्त आणला, तर उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढा. घट्ट पिळून मुठीएवढे गोळे करा आणि पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. अडीअडचणीला वरणात एक गोळा टाकला की डाळपालक तयार. हे गोळे पंधरा दिवस-महिनाभरात वापरून टाका.

मऊ पडलेली भाजी लगेच फेकू नका. नुसती सुकली असेल तर दहा-पंधरा मिनिटं गार पाण्यात ठेवा, पान पाणी पिऊन पुन्हा ताठ होतं, आणि लगेच शिजवा. दोन-चार पानं पिवळी असतील तर तेवढी काढा. पण चिकट झाली, वास आला, तर धुऊनही खाऊ नका. आणि तशी सडकी भाजी जनावरालाही नको, सरळ खताच्या खड्ड्यात.

ठेवलेल्या भाजीत सत्त्व राहतं का, हे बऱ्याच जणी विचारतात. लोह कुठं जात नाही, ते तसंच राहतं. जीवनसत्त्व क मात्र फ्रीजमध्येही रोज थोडं थोडं कमी होतं, आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला तेच लागतं. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीच्या भाजीवर ताटात लिंबू पिळा, शिजताना नको. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, तो लोह अडवतो. तासाभराने प्या. आणि भाजी वाढताना आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवा, विशेषतः गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताईची.

शिजवलेली पालेभाजी उरली तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा आणि तेवढीच गरम करा जेवढी खायची आहे.

फ्रीज नसेल तर

टोपलीत भाजी पसरून वर ओलं, पिळलेलं गोणपाट टाका आणि माठाजवळ सावलीत ठेवा, एक-दीड दिवस निघतो. ज्या ताई भाजी विकतात त्यांनी मिळून शून्य ऊर्जा शीतकक्षाचा विचार करावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो तयार केला आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या साधारण 7.5 सेंटिमीटर फटीत वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी आणि वर ओलं झाकण. वीज लागत नाही. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहतं आणि हवाही दमट असते. विटा, वाळू आणि एक गवंडी एवढंच लागतं, मात्र पाणी रोज हवं, त्यामुळे टँकरच्या गावात हे जमणार नाही. ज्या ग्रामसंघाला करायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीत सांगा, मी मापं लिहून घेऊन येते.